घट

रंकाळ्याच्या मधोमध दस्तगीर मुजावरनं नाव धरून ठेवली.
हेरवाडे मॅडमनी पाइप सोडला, सरळ खाली.
"काठाला खडे लागत्यात, मधी लोणी,"
तो म्हणाला, वल्ह्याला आलेलं केंदाळ झटकत.
अहवालात हेच वाक्य आम्ही नकाशासकट लिहिणार आहोत.

प्रयोगशाळेत पाइप मी उभा चिरला.
बासष्ट सेंटिमीटर.
वरचा थर काळा, नासक्या अंड्याच्या वासाचा,
शेवाळ, जलपर्णीची मुळं, नाल्यानं आणून सोडलेलं निम्मं गाव.
त्याखाली करडा.
तळाला तांबडी माती, तिला वासच नाही.

मॅडमचा हिशोब सोपा:
कार्बनला नायट्रोजननं भागायचं.
आकडा लहान, तर ते पाण्यातच जन्मलं, पाण्यातच मेलं.
मोठा, तर काठावरचं: पान, काटकी, गवत.
आणि शेण? मी विचारलं.
ते मधेच कुठंतरी बसतं, त्या म्हणाल्या.

बाप माझा मधेच कुठंतरी बसायचा,
काठ आणि पाणी यांच्या मधे, मांडीएवढ्यात.
पहाटे गंगावेशीत धारा, गिऱ्हाइकाच्या मिशीला फेस,
आणि ऊन चढलं की नऊ म्हशी घेऊन इथं.
विटकरीनं पाठी घासायचा,
मोरणीला शिव्या द्यायचा, ती खोल जायची म्हणून.
आता तिथं पाटी आहे: जनावरे धुण्यास सक्त मनाई.

अडतीस ते चाळीस सेंटिमीटर.
मॅडमच्या अंदाजानं हा थर पंचाऐंशी-नव्वद सालचा.
चिमूटभर मुशीत घेतला, वाळवला, तोलला,
भट्टी साडेपाचशेवर ठेवली, चार तास.
उघडली तर विटेच्या रंगाची राख.
पुन्हा तोलली.
उरलं ते दगडाचं.
वजनात जे कमी भरलं, तेवढंच काय ते जित्याजागत्याचं.
तक्त्यात त्या रकान्याला आम्ही म्हणतो: घट.

नवरात्र उठलं की आई तो डोक्यावरून आणायची,
काळी माती, वीतभर पिवळं धान,
संध्यामठाच्या अंगाला पाण्यात सोडायची,
आणि मागं न बघता घरी.

मूस गार झाली होती. मी तरी चिमटा सोडला नाही.
शून्य पूर्णांक एकतीस ग्रॅम.
त्यात कुणाचं किती, काटा सांगत नाही.

दस्तगीरचा फोन: उद्या नाव कुठं घालायची?
परताळ्याकडं, म्हटलं.
तिकडचं अजून कुणी उकरलेलं नाही.