चौथा घास

गुरुवारी, भट्टी पेटायच्या आधी
फ्रिजमधल्या लोण्याच्या डब्याआडून पेन काढते.
बेंबीपासून चार बोटं सोडून टोचायचं.
सुई डास चावल्याएवढी,
पण भांडी घासणारी चंद्रकला भिंतीकडे तोंड करते.
"कोंबड्या कापताना काही नाही होत बाई,
हे पाहून मले चक्कर येते."

धंतोलीच्या डॉक्टर खेडीकरनं आधी रक्त तपासलं,
मग काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव.
म्हटलं, चपला राहिल्या काढायच्या.
काढल्या.
अठ्ठ्याण्णवच.
"औषध चरबी जाळत नाही, नंदनवारबाई.
पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचवतं, एवढंच.
पुढचं तुमच्याकडे."

इतकी वर्षं मधेच कोण अडवत होतं तो निरोप?

पहिले तीन आठवडे नुसती मळमळ.
जवसाच्या तेलात कांदा पडला
की मी मागच्या दाराशी, पदर नाकाला.
खानावळ सावजीची,
मालकीण लिंबू चाटत उभी.

मग एका दुपारी
डोक्यातलं काहीतरी बंद पडलं.
मे महिन्यात रात्रंदिवस चालणारा कूलर
लाईट गेल्यावर थांबतो,
आणि तेव्हाच कळतं
तो किती ओरडत होता.

रस्सा बघ जरा, म्हणायचा.
मीठ बघ. आता तुकडा शिजला का बघ.
भात कशाला टाकतेस, बघ.
बघता बघता एक अख्खं जेवण व्हायचं माझं,
जेवणाच्या आधी,
उभ्यानं.

आता चौथ्या घासाला हात थांबतो.
मी थांबवत नाही.
ताटात भाकरी उरते
आणि मला तिची भीती वाटत नाही.

भीतीच होती ती.
मिल बंद पडली तेव्हा मी नऊ वर्षांची.
बाबा मुद्दाम उशिरा यायचा,
"खाऊन आलो" म्हणायचा,
आणि आम्ही त्याचा वाटा वाटून घ्यायचो.
मी सगळ्यात भरभर खायची.
मला वाटतं, परवापरवापर्यंत
मी तोच वाटा संपवत होते.

मागच्या मंगळवारी रस्सा खारट झाला.
गोळीबार चौकातले पराते मास्तर
वाटी सरकवून म्हणाले,
"वेणूबाई, हात कुठी गेला तुमचा?"
हात इथंच आहे, मास्तर.
भूक रजेवर आहे.

तेव्हापासून चव चंद्रकला बघते.
थेंब हाताच्या पाठीवर घेते, जीभ लावते,
डोळे बारीक करते.
"जरासं अजून."
मी टाकते,
तिच्या भुकेच्या भरवशावर.

सत्त्याऐंशी. जिना चढताना
गुडघा अजून बोलतो, पण खालच्या आवाजात.
डॉक्टरनं पुढच्या तीन महिन्यांची चिठ्ठी दिली.
विचारलं, थांबवलं तर कूलर परत सुरू होईल?
त्याला कूलर कळला नाही, प्रश्न कळला.
"होऊ शकतो," म्हणाला.
खोटं बोलला नाही,
म्हणून पैसे देताना जड नाही गेलं.

रात्री शटर अर्धं ओढून
खुर्चीत बसते. एक वाटी रस्सा, अर्धी भाकरी.
घाई नाही.
आधी खसखस लागते, मग लवंग,
तिखट फार उशिरा,
कानामागून.

पंचवीस वर्षं विकलं मी हे.

असं लागतं होय.