उजवी चेन

दौलतगंजात हरचंदानीच्या दुकानी
छत्र्या, होल्डॉल, कानटोप्या, आणि आता हे:
काउंटरवर दुधीभोपळ्याएवढी निळी पिशवी.
हिच्या पोटात, तो म्हणतो, अख्खी रात्र मावते.

मी घरून स्वयंपाकाचा काटा आणलाय.
हसू नका. तिघऱ्यापर्यंत जीप जाते खरी,
पण शेवटचे तीन किलोमीटर सगळं पाठीवर:
दुर्बीण, वही, थर्मास,
आणि खाली एकसष्ट वर्षांचे गुडघे.
मागच्या साली मी रजई नेली होती.
वनरक्षक बघेल अजून हसतो.

नऊशे ऐंशी ग्रॅम.
रजई साडेचार किलो, रमजानीनं पिंजून भरलेली,
तिच्याखाली आम्ही दोघं, तेहेतीस हिवाळे,
त्यातले निम्मे मी काठावर काढले,
कारण अच्युत झोपेत ओढतो
आणि सकाळी शपथेवर नाही म्हणतो.

पिशवीच्या चिठ्ठीवर दोन आकडे.
पाच अंशाला आराम.
उणे एकला नुसतं जिवंत.
आमच्या जानेवारीतला पारा या दोहोंमध्ये कुठेतरी
विझल्या शेकोटीपाशी कुत्रं बसतं तसा
अंग मुडपून बसलेला असतो.

तो दुसरी काढतो. आणखी हलकी.
दाबली की मूठभर, सोडली की श्वास घेते.
"असली पंख है, बहनजी. बत्तख का."
मी हात मागे घेते.
तिघऱ्याला आम्ही जातो ते बदकं मोजायला.
थापट्या, तलवारबदक, चक्रवाक,
हिमालय ओलांडून आलेली.
रात्रभर त्यांच्या पिसांत झोपून
पहाटे कुठल्या तोंडानं म्हणू, एक, दोन, तीन?
आणि अंगावरची धरायची की नाही?

तर मग निळीच. धाग्यांची.
थोडी जाड, थोडी बावळट,
भिजली तरी ऊब सोडत नाही म्हणे,
आमच्या कमळाआत्याच्या जातीची.

घुसून बघा, म्हणतो, आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरतो.
मी चपला काढते, साडीसकट आत शिरते,
चेन हनुवटीपर्यंत.
खालून दुकान वेगळंच दिसतं.
पंख्याच्या पात्यांवरची धूळ.
एका पोराचा मोजा, अंगठ्याशी फाटका.
बाहेर टेम्पोवाला बाड्याची गिऱ्हाइकं हाकारतोय.
कोपर हलत नाही.
ओढायला कोणी नाही.

आणि गार आहे. चांगलं गार.
"गर्मी कहाँ है इसमें?"
"वो तो आप लाएँगी. ये सिर्फ जाने नहीं देती."

मी पडून राहते. एक बाई मला ओलांडून कानटोपी बघते.
मग हळूच, पोटऱ्यांकडून,
माझीच ऊब
मला भेटायला येते,
जरा अनोळखी,
बऱ्याच वर्षांनी माहेरी आल्यासारखी.

उठताना तो विचारतो, चेन डावी की उजवी?
एक डावी, एक उजवी घेतली
तर दोन जोडून एक होते.
साहेबही येत असतील ना?

साहेब येत नाहीत. साहेबांना दव बाधतं,
आणि बदकं त्यांना सगळी सारखीच दिसतात.

चक्रवाकांचं सांगतात ना,
दिवसभर जोडीनं, रात्री एक या काठाला एक त्या,
आणि अंधारभर नुसत्या हाका.
मी टॉर्च मारून पाहिलंय.
एकाच चिखलात असतात, हातभर अंतरावर,
आणि त्या हाका बऱ्याचदा
भांडणाच्या वाटतात.

उजवी घेतली.

घरी काटा जागेवर ठेवला, पिशवी रजईवर.
अच्युतनं चेन खालीवर करून पाहिली, तीनदा.
गोणपाटासारखी वास घेऊन पाहिली.
मग चष्मा पुसत विचारलं,
डावी होती का त्याच्याकडे.

होती, म्हटलं. एकच.
दुकान आठला बंद होतं.