पायाचं तिकीट

मिरज स्टँडवर तिघींनी मला गाडीत चढवलं.
शकिलानं वरून ओढलं, सुलभानं खालून रेटलं,
हौसाक्का नुसतीच ओरडली,
"अगं, पाय आहे तो, द्राक्षाची पेटी नव्हे!"

दंडोबा उतरताना घोटा वळला
तेव्हापासून मी म्हणतेय,
तुम्ही व्हा पुढं, मी येते मागनं.
एकीनंही ऐकलं नाही.

ओलं प्लास्टर शकिलाच्या मांडीवर.
तिच्या नव्या ड्रेसला पांढरे डाग,
तिनं बघितलंही नाही.
खड्डा आला की दोन्ही हातांनी पाय उचलायची,
काठोकाठ दुधाचं पातेलं धरावं तसा.

कंडक्टर म्हणाला, "बायकांना अर्धं,
पण ह्या पायाचं पूर्ण तिकीट लागेल."
सगळी गाडी हसली.
मीही, डोळे पुसत.

कवलापूर गेलं. कुमठे गेलं.
दुसऱ्यांचं उचलण्यात पंचावन्न वर्षं गेलेली;
आपलं वजन कुणी उचललं
की बघायचं कुठं, ठाऊकच नव्हतं.
खिडकीतनं बागा मोजत बसले.

तासगाव जवळ आलं तसं
आभार मानायला तोंड उघडलं,
तर हौसाक्कानं त्यात
मूठभर बेदाणे कोंबले.