शिडीची सही

कॉमस्टॉकच्या पुढे टेक्ससचा रस्ता सरळच सरळ,
दोन्ही अंगांना काटेरी झुडपं, आणि एकाएकी
जमीन उललेली, खाली घळ.
आम्ही सातजण उतरतो. पुढे डेल्फिना,
काठी आपटत.
"सापांना आधी कळवावं लागतं," म्हणते, "आपण आलोय म्हणून."

कपारीत सावली. भिंतीवर
हात पसरलेले उंचच उंच कुणी, लाल, काळे, पिवळे.
चार हजार वर्षं, ती सांगते. अंदाजे.
कुणी म्हणतं देव, कुणी म्हणतं मांत्रिक.
ती खांदे उडवते.
"आधी काळा लावला. मग लाल. मग पिवळा. पांढरा शेवटी.
आणि रंग कालवला
बहुधा हरणाच्या नळीतल्या चरबीत."

मागे कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडतं.

नळी.
ताटावर आपटून, चोखून, तरी आत राहिलेल्यासाठी
आम्ही भावंडं भांडायचो.
इथे, या कोरड्या मुलखात,
पोरं भुकेनं किरकिरत असताना
कुणीतरी नळी फोडली
आणि चोखली नाही.
भिंतीला दिली.

काय खाल्लं ते हाडं सांगतात,
कुठे निजले ते चुलीची राख.
तोंडाशी आलेलं काय राखून ठेवलं
ते ही भिंतच सांगते.

सगळ्यात वरचं शिंग माझ्या दुप्पट उंचीवर.
"शिडी लागली असणार," डेल्फिना म्हणते,
आणि शिडी म्हटलं की

इचलकरंजी. सायझिंगच्या कंपाउंडची भिंत,
अण्णा वरच्या पायरीवर, कानाला ब्रश,
खाली मी, सातवीतली, दोन्ही हातांनी शिडी धरून,
मनगटावर टपकलेला तांबडा थेंब.
"हलू नको गं, रेघ जाईल."
नाकावर माशी बसली तरी हलले नाही.
कोपऱ्यात त्यांनी सही केली: कुंडलिक आर्टिस्ट.
शिडीची सही नसते.

बाकीचे वरच्या शिंगाचे फोटो घेतायत.
मी दोरीच्या अलीकडून
भिंतीच्या पायथ्याची धूळ बघते.
इथंच कुठंतरी उभी असेल,
मान अवघडलेली, पायाला मुंग्या,
आणि वरून कुठल्याशा भाषेत तेच
दोन शब्द.

डेल्फिना निघताना डोकी मोजते.
सहाच? सातवी कुठाय?

आले, मी म्हणते.
पण हलत नाही.