रकाना नऊ

आमच्या केसपेपरवर रकाना नऊ : आजाराचे संभाव्य कारण.
कौटुंबिक, आर्थिक, व्यसन, प्रेमभंग, इतर.
खूण करायची. पुढचा पेशंट.

मेहरूबी बैंगनवाडीहून येते
दर दुसऱ्या मंगळवारी, लिथियमच्या गोळ्या न्यायला.
जरीकाम करते.
सहा वर्षं तिचं मन टाक्यात राहिलं होतं,
कुठे उसवलं नाही.

यंदा एप्रिलात हात थरथरायला लागला.
सुईत दोरा जाईना. जीभ जड. उलट्या.
डॉक्टर म्हणाले, गोळी रक्तात साचतेय,
अंगात पाणीच नाही.
भरपूर पाणी पी. उन्हात बसू नकोस.

ती हसली,
उधारी नाकारणाऱ्या वाण्यासमोर हसतात तशी.

मग मला सांगितलं, डॉक्टरांना नाही :
पाणी प्यायलं की जावं लागतं, बाई.
जायला पाच रुपये. रात्री अकराला कुलूप.
आणि ऊन काय बाहेरच असतं?
आमच्याकडे ते माळ्यावर झोपायला येतं.
दोन वाजेपर्यंत पत्रा टिकटिक करत निवतो,
मी मोजत पडते.
झोप गेली की माझं डोकं पळायला लागतं,
तुम्हाला माहितीये.

माहितीये.
मी ‘इतर’वर खूण केली
आणि शेजारी लिहिलं : पत्रा.

मेअखेर वॉर्ड ऑफिसात बैठक. उष्णता कृती आराखडा.
एसी इतका, की समोरच्या मॅडमनी शाल काढली.
पान एक्केचाळीस, तळाशी :
‘मानसिक आरोग्य – आवश्यकतेनुसार समुपदेशन करावे.’

करावे.
कोणी, ते नाही.
आपल्या भाषेत ही सोय आहे,
क्रियापद कर्त्यावाचून उभं राहतं
भिंतीला टेकून.

मी म्हटलं, उन्हाळाभर संडास फुकट ठेवा, रात्रभर उघडे,
माझे निम्मे पेशंट गोळी नीट घेतील.
कुणीतरी खोकलं.
मग समजावलं मला, प्रेमानेच :
पाणी जल खात्याचं,
संडास घनकचऱ्याचा,
पत्रा तर मुळात अनधिकृत.
मन तेवढं तुमच्याकडे.

म्हणजे सुटं. घर नाही, अंग नाही,
तहान नाही त्याला.
असं मन मी बावीस वर्षांत
एकदाही तपासलेलं नाही.

आता त्रेचाळीस केसपेपरांवर ‘पत्रा’ आहे.
संगणकावरचा विघ्नेश कुरकुरतो,
मॅडम, हा शब्द यादीतच नाही.
नसेल.
तू टाक.

मेहरूबीचा डोस उतरवलाय.
काल तिने माझ्यासमोर दोरा ओवला,
तिसऱ्या खेपेला.
मी तिला दवाखान्याच्या संडासाची जादा किल्ली दिली.
चारनंतर गेटच बंद असतं,
रात्री काही उपयोग नाही,
तिलाही ठाऊक आहे.

तरी घेतली.
ओढणीच्या टोकाला
गाठ मारून.