माया

वीज मंडळातले हेडाऊ दर दिवाळीआधी
गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
पोट आत ओढून उभे राहतात.
मी टेप सैल धरतो, वहीत मात्र खरं लिहितो:
चौतीस. छत्तीस. साडेअडतीस.

यंदा डॉक्टरीणबाईंनी तेल तोडलं म्हणे.
तर्रीवरचा लाल तवंग चमच्यानं कडेला सारतात,
पोहे मात्र दोन प्लेट.
मागच्या साली भात बंद होता,
तेव्हा पाटोडी चालायची,
"बेसन हाये ना बावा, भात थोडीच हाये!"

मले काय कळते? कापड कळते.
एकटा धागा उसवतो लवकर,
दोन पेडांचा पीळ सुटत नाही.
संत्रा बर्फीत तूप न् साखर तसे पिळून बसलेले,
जीभ कोणाला पुरे म्हणेल?
आणि न जळलेलं सगळं
कंबर मुकाट्यानं साठवते,
तुपाचं वेगळं, साखरेचं वेगळं खातं नाही तिच्याकडे.

म्हणून मी शिलाईत माया ठेवतो, दोन बोटं.
हेडाऊंची तीनदा उसवून दिली.
आता आत अर्धा इंच उरलाय,
सांगायचं कसं?

मी स्वतः नाडीचा पायजमा घालतो.
नाडी काही लिहून ठेवत नाही.