फाटकावरचा फळा

शरणपूरच्या आमच्या चर्चच्या फाटकाला
एक फळा आहे, दीड हात रुंद.
लांब वचन त्यावर मावत नाही.
पाळकसाहेब म्हणाले, "हनोखभाऊ, तुमचं अक्षर बरं,
रोज सकाळी एक लिहीत चला. छोटंसंच."

एकतीस वर्षं मी नाशिकरोडला
नोटांवरचे आकडे तपासले.
तिथे एक आकडा निसटला की चौकशी.
इथे वेलांटी चुकली
की चक्रनारायण बाई पदराच्या टोकानं पुसतात
आणि खडूसाठी हात पुढे करतात.
चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय.
देवापेक्षा ऱ्हस्वदीर्घाला जास्त भितात,
असं मी म्हणतो, त्या नसताना.

डिसेंबरात पारा सहावर येतो,
खडू बोटांत ठरत नाही.
तरी लिहिलं: भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे.
पलीकडून पंक्चरवाला मोईन ओरडला,
"चाचा, हे त्या काळ्या कुत्र्याला दाखवा,
रोज माझ्यावर भुंकतो!"

कोण वाचतं? कोणी नाही, असं वाटायचं.
मग एकदा पाहिलं, रात्रपाळीची एक नर्स
स्कूटी बंद न करता, हेल्मेट न काढता
दोन ओळींपुरती थांबते.
"उद्याची काळजी उद्यावर सोडा" लिहिलं त्या दिवशी
हप्त्यासाठी फोनवर झापून घेणारा एक पोरगा
फळ्याकडे बघून हसला
आणि समोरच्याला म्हणाला, "साहेब, उद्या बोलू."
वचनाचा अर्थ असा नाही, पण मी काही बोललो नाही.

ऑक्टोबर लागताना लिहिलं:
जो फाटा फळ देतो, त्यालाच तो छाटतो.
दिंडोरीच्या जीपची वाट बघत एक बाई उभी होती,
फडक्यात गुंडाळलेली कात्री काखेत.
"बरोबर लिवलंय," ती म्हणाली.
"एप्रिलात खरड छाटणी, आता गोडी छाटणी.
गोडीच्या दिवशी बाग नुसती बोडकी दिसते,
नवखा मालक असला तर रडायलाच येतो.
आम्ही म्हणतो, थांब की जरा."
जीप आली. ती गेली.
मी फळ्याकडे बघत राहिलो.
फळा आणि फळ. एका कान्याचा फरक.
जन्मभराचा तपासनीस मी, आणि हे दिसलं नव्हतं.

त्याच महिन्यात सगुणा गेली.
अकरा दिवस मशीनच्या आवाजात,
बाराव्या दिवशी आवाज थांबला.
चौथ्या सकाळी पाय आपोआप फाटकाशी आले.
खिशात खडू होता. वचन एकही नव्हतं.
जे आठवे ते अंगाला ढगळ होई,
दुसऱ्याच्या कोटासारखं.
शेवटी दोनच शब्द लिहिले,
सगळ्या पुस्तकात त्यांच्याइतकं छोटं मला माहीत नाही:

येशू रडला

अध्याय नाही, ओवी नाही. खडू मोडला.

चक्रनारायण बाई आल्या.
चष्मा पुसला. 'शू' दीर्घ, बरोबर.
दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.
तरी हात पुढे केला, तुकडा घेतला,
आणि तो 'ला'च्या पुढे नेऊन थांबवला.
पूर्णविराम राहिला होता माझा.

बराच वेळ त्या तशाच उभ्या.
मग खडू माझ्या खिशात परत ठेवला.
"राहू द्या," म्हणाल्या,
"तिथे गोष्ट संपत नाही. अजून कबरीशी जायचंय त्याला,
दगड बाजूला करायला सांगायचंय."

मोईननं चहा आणला, कुत्र्याबद्दल काही बोलला नाही.
नर्सनं त्या दिवशी गाडी बंद केली.
हेल्मेट काढून हातात धरलं.

तीन दिवस फळा कोणी पुसला नाही.
दवानं अक्षरं जराशी पसरली होती.
चौथ्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन गेलो,
नवा खडू, थंडी तीच,
आणि पुढची ओळ लिहायला लागलो.
वेलांटी चुकली असावी.
पाठीमागून पदर सावरल्याचा आवाज आला.